न लिहिलेले नियम लिहून काढताना : स्वमग्न विद्यार्थ्याला महाविद्यालयात आणि विद्यापीठात साथ कशी द्यावी

काही वर्षांपूर्वी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला मी म्हणालो होतो, ‘अडचण आली की केव्हाही ये.’ पुढचे आठ दिवस तो रोज, मी दुसऱ्या वर्गावर तास घेत असताना, दारात येऊन उभा राहत असे. त्याला अडचण आलेली होती आणि मी ‘केव्हाही’ म्हटले होते. नवव्या दिवशी मी जरा वैतागून ‘अरे, वेळ बघून येत जा’ असे म्हणालो, तेव्हा त्याने येणेच थांबवले. सत्र संपत आल्यावर, त्याची आई भेटून गेल्यानंतर, मी एका कागदावर ‘मंगळवार आणि गुरुवार, दुपारी १ ते १.३०, विभागातील माझे टेबल’ एवढेच लिहून त्याच्या हातात दिले. त्यानंतर तीन वर्षांत तो एकदाही अवेळी आला नाही आणि एकही मंगळवार चुकला नाही.

आपली महाविद्यालये अर्धवट बोललेल्या वाक्यांवर चालतात. ‘साहेब बाहेर गेलेत, नंतर ये’, ‘हा प्रश्न जरा बघून ठेवा’, ‘सबमिशन लवकर उरका’ या वाक्यांतील न बोललेला भाग बहुतेक विद्यार्थी एकमेकांकडे पाहून, वरच्या वर्गातील मुलांना विचारून किंवा अंदाजाने भरून काढतात. स्वमग्न विद्यार्थ्याची अडचण बहुतेक वेळा अभ्यासात नसते, ती या न बोललेल्या भागात असते. म्हणून पुढे सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक पायरीचे काम एकच आहे : जे गृहीत धरले जाते ते आधी सांगणे, आणि शक्यतो लिहून देणे.

ऑटिझमसाठी ‘स्वमग्नता’ हा शब्द मराठीत रुळला आहे, म्हणून मीही तो वापरतो. पण तो काहीसा फसवा आहे. त्यातून स्वतःतच रमलेला, माणसांशी देणेघेणे नसलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो, आणि प्रत्यक्षात मात्र मैत्रीसाठी तळमळणारे कितीतरी स्वमग्न तरुण भेटतात. ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात आणि आयुष्यभराची भिन्नता आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने ऍस्पर्गर आणि इतर वेगळी नावे रद्द करून सर्वांना एकाच वर्णपटात आणले, आणि आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांबद्दलच्या तीव्र किंवा मंद संवेदना निदानाच्या निकषांत समाविष्ट केल्या. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डॅमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेला मुद्दा शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा : न समजण्याची अडचण दुहेरी असते. स्वमग्न विद्यार्थ्याला आपले इशारे कळत नाहीत, तसे आपल्यालाही त्याचे कळत नाहीत. फक्त गुण त्याचे कापले जातात.

पहिली पायरी : कागदपत्रे, आणि तीही मे महिन्यातच

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नता स्पष्टपणे नमूद आहे. या कायद्याच्या कलम ३२ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय, म्हणजे ४० टक्के किंवा अधिक, दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव असतात आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत मिळते. यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेले वैश्विक ओळखपत्र लागते. अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवर भरावा लागतो, आणि कोल्हापूरकरांची तपासणी बहुधा सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात होते. स्वमग्नतेचे मूल्यमापन ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीने करण्याची पद्धत आहे. तिच्यात ४० मुद्दे असून सामाजिक देवाणघेवाण, भाषा, वर्तन आणि संवेदना अशा अंगांनी माहिती घेतली जाते. लहानपणी कसा होता हेही विचारले जाते, त्यामुळे ज्याने बालपण पाहिले आहे असा माणूस, शाळेचे जुने अहवाल आणि आधीच्या तपासण्यांची कागदपत्रे सोबत असावीत.

येथे दोन बारीक गोष्टी पुष्कळांना अडवतात. प्रमाणपत्रावरील नावाचे आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे का, हे प्रवेशाच्या खिडकीवर पोचण्यापूर्वी तपासावे. लहानपणी काढलेल्या प्रमाणपत्राला मुदत असू शकते, तीही पाहून घ्यावी. प्रवेशाच्या गर्दीत, जून-जुलैमध्ये, या दुरुस्त्या होत नाहीत, आणि झाल्या तरी त्या धावपळीत विद्यार्थी इतका थकतो की पहिल्या तासाला तो आधीच दमलेला असतो.

सर्वांकडेच कागद असेल असे मात्र धरून चालू नये. मुलींचे निदान अनेकदा उशिरा होते, कारण इतरांचे पाहून हसणे, मान डोलावणे, दोन वाक्ये पाठ करून बोलणे असा मुखवटा त्या फार लवकर शिकतात. अशी विद्यार्थिनी ‘हुशार पण घुमी’ म्हणून वर्गात बसलेली असते आणि घरी गेल्यावर अंधाऱ्या खोलीत दोन तास पडून राहते. आरक्षणासाठी आणि परीक्षेतील सवलतीसाठी कागद आवश्यक आहे. पण सूचना लिहून देण्यासाठी, जागा ठरवून देण्यासाठी किंवा ट्यूबलाइट बदलण्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात स्पष्ट केले आहे की, ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, परीक्षेतील वाजवी सोयीसाठी ती लावता येत नाही. हा निकाल कार्यालयात दाखवण्याची वेळ कधी कधी येते.

दुसरी पायरी : पहिली भेट आणि एक पान

तास सुरू होण्यापूर्वी, शक्य तर एक आठवडा आधी, विद्यार्थ्याची आणि एका प्राध्यापकाची निवांत भेट व्हावी. हा प्राध्यापक पुढे तीन वर्षे त्याचा मार्गदर्शक राहील असा निवडावा. विभागप्रमुखच असावा असे नाही, किंबहुना ज्याला बैठका कमी आहेत असा असलेला बरा. समान संधी कक्षाचे, म्हणजे वंचित आणि दिव्यांग विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहणाऱ्या कक्षाचे, समन्वयक या भेटीला असतील तर उत्तम. पालकांनी यावे, पण बोलावे विद्यार्थ्याने. तो बोलण्यापेक्षा लिहून सांगणार असेल तर प्रश्न दोन दिवस आधी पाठवावेत. आपल्याकडे आई सगळे सांगते आणि मुलगा खिडकीबाहेर पाहत बसतो, हे चित्र नेहमीचे आहे. १८ वर्षे पूर्ण झाल्यावर तो कायद्याने सज्ञान असतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येते, परंतु पदवीला प्रवेश घेऊन स्वतःचे निर्णय सांगू शकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना त्याची आवश्यकता नसते, आणि नसताना ते घेऊ नये.

‘तुला काय अडचण आहे?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर ‘काही नाही’ असेच येते. त्याऐवजी नेमके विचारावे : अकरावी-बारावीत कोणत्या दिवशी घरी परतावेसे वाटले आणि का? कोणता आवाज सहन होत नाही? भूक आणि तहान लागल्याचे वेळेवर कळते का? वर्गात अचानक नाव घेऊन विचारले तर काय होते? खूप त्रास होऊ लागला की बाहेरून तो कसा दिसतो, आणि त्या वेळी आजूबाजूच्यांनी काय करावे, काय करू नये? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते.

या उत्तरांतून एकच पान तयार करावे. वर निदानाचे नाव घालण्याचीही गरज नाही. ‘मला वर्गात या गोष्टींनी मदत होते’ एवढे शीर्षक पुरते. ते पान कोणाकोणाला द्यायचे हे विद्यार्थी ठरवेल आणि ती यादी त्याच पानाखाली लिहावी. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपल्या वर्गात एक स्पेशल विद्यार्थी आहे, सर्वांनी सांभाळून घ्यावे’ असा संदेश टाकणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु त्या एका संदेशानंतर त्या मुलाची ओळख तीन वर्षे तेवढीच उरते.

तिसरी पायरी : परिसर आधी पायाखालून घालणे

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा आहे. मुख्य इमारतीपासून विभाग, विभागापासून ग्रंथालय, तेथून परीक्षा भवन ही अंतरे नव्या माणसाला दमवतात. शहरातील महाविद्यालयांची अडचण उलटी असते. तेथे जागा कमी, जिने अरुंद आणि दोन तासांमधील पाच मिनिटांत सगळी गर्दी एकाच जिन्यावर. दोन्ही ठिकाणी उपाय सारखाच आहे. सुट्टीच्या दिवशी एकदा आणि कामाच्या दिवशी एकदा, विद्यार्थ्यासोबत घरापासून वर्गातील बाकापर्यंतचा सगळा मार्ग चालून पाहावा. गडहिंग्लज, राधानगरी किंवा शाहूवाडीहून एसटीने येणाऱ्याने मध्यवर्ती बसस्थानकावर उतरल्यावर केएमटीचा, म्हणजे शहर बसचा, कोणता थांबा, गाडी चुकली तर दुसरी कोणती, आणि दोन्ही चुकल्या तर कोणाला फोन करायचा, हे क्रमाने लिहून खिशात ठेवावे. गाडी चुकणे ही किरकोळ बाब वाटते. पण ‘आता काय’ याचे उत्तर आधी ठरलेले नसेल तर तो दिवस तेथेच संपतो.

याच फेरीत एक शांत जागा ठरवून घ्यावी. विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाच्या ग्रंथालयातील एखादा कोपरा किंवा झाडांखालचा बाक चालेल. माझ्या माहितीतील एकीने मोर हमखास दिसतात अशी जागा निवडली होती. महाविद्यालयात विभागाची अभ्यासिका किंवा रिकामी प्रयोगशाळा चालते. ती कोणत्या वेळी उघडी असते, किल्ली कोणाकडे असते आणि तेथे बसण्यासाठी कोणाला विचारावे लागणार नाही, हे त्या मजल्यावरील शिपायालाही सांगून ठेवावे. हे शेवटचे विसरले तर पहिल्याच दिवशी ‘इथं काय करतोस?’ असे कोणीतरी दरडावते आणि ती जागा कायमची जाते.

चौथी पायरी : वर्ग

प्राध्यापकांना सर्वांत अवघड जाते ते स्वतःचे बोलणे तपासणे. ‘प्रकल्प नीट लिहून लवकरात लवकर द्या’ या सूचनेत ‘नीट’ म्हणजे काय, ‘लवकर’ म्हणजे कधी आणि ‘द्या’ म्हणजे कोणाकडे, यांपैकी काहीच सांगितलेले नाही. तीच सूचना अशी लिहिता येते : ‘प्रकल्प शुक्रवारी दुपारी ४ वाजेपर्यंत विभागाच्या कार्यालयात लिपिकांकडे द्यावा. पाने ८ ते १०. हस्ताक्षरात किंवा टंकलिखित, दोन्ही चालेल. पहिल्या पानावर नाव, हजेरी क्रमांक आणि विषय. प्रस्तावना १ पान, माहिती ६ ते ८ पाने, निष्कर्ष १ पान. उशीर झाल्यास सोमवारी ११ पर्यंत घेतला जाईल, २ गुण कमी होतील.’ हे लिहायला चार मिनिटे लागतात, आणि ज्यांनी कधी विचारले नसते असे वर्गातील इतर वीस जणही त्याबद्दल मनातल्या मनात आभार मानतात.

डोळ्याला डोळा न भिडवणे, हातात रबर फिरवत राहणे, पाय हलवणे, वहीच्या कडेला एकच आकृती काढत राहणे ही लक्ष नसल्याची चिन्हे नव्हेत. अनेकदा त्यामुळेच लक्ष टिकते. ‘माझ्याकडे बघ’ असे म्हटले की तो बघेल, आणि त्यानंतर तुम्ही काय बोललात ते त्याच्यापर्यंत पोचणार नाही. प्रश्न विचारल्यावर दहापर्यंत मनात मोजावे. शांततेला घाबरून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एखादा विद्यार्थी याउलट प्रत्येक प्रश्नाला हात वर करतो आणि शिक्षकाची चूक सर्वांसमोर दाखवून देतो. त्यात उद्धटपणा नसतो, तारीख चुकली होती एवढेच असते. अशाला ‘एका तासात तीन प्रश्न, बाकीचे वहीत लिहून माझ्याकडे’ असा स्पष्ट आकडा सांगितला की तो कटाक्षाने पाळतो. मी एकदा आकडा न सांगता ‘जरा इतरांनाही संधी दे’ म्हणून पाहिले. तो महिनाभर गप्प बसला.

तासाची खोली बदलली, तास रद्द झाला, पाहुण्यांचे व्याख्यान मध्येच ठरले, तर आदल्या दिवशी संदेश जावा, आणि आदल्या दिवशी शक्य नसेल तर कळल्याबरोबर. फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना पुरेशी नाही, कारण ती पुसली जाते आणि पुसली गेल्यावर खरी होती की नाही याचा पुरावा उरत नाही.

गटप्रकल्पात गट प्राध्यापकांनी पाडावेत. ‘तुम्हीच गट करा’ म्हटल्यावर शेवटी एकटा कोण उरतो हे आपण सर्वांनी शाळेपासून पाहिले आहे. गटात प्रत्येकाचे काम नावानिशी लिहावे आणि स्वमग्न विद्यार्थ्याला एक संपूर्ण, स्वतंत्र तुकडा द्यावा. आकडेवारी, संदर्भ किंवा नकाशे यांत त्याची बारीक नजर कामी येते. तोंडी परीक्षा आणि सादरीकरण यांचे गुण अंतर्गत मूल्यमापनात असतात. तेथे प्रश्नांचे विषय आधी देणे, वर्गासमोर न बोलता दोन प्राध्यापकांसमोर बोलू देणे किंवा ध्वनिमुद्रण स्वीकारणे असे पर्याय असतात. विषयाचे ज्ञान तपासायचे असेल तर धिटाईला गुण देण्याचे कारण नाही.

पाचवी पायरी : परीक्षा

केंद्रीय दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्या उमेदवाराला परीक्षेच्या दर तासामागे किमान २० मिनिटे प्रतिपूरक वेळ द्यावा लागतो. लेखनिक न घेणाऱ्या, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारालाही ३ तासांच्या पेपरला किमान १ तास जादा देता येतो. स्वमग्न विद्यार्थ्याला लेखनिक हवा असेल तर लिहिण्यात अडचण असून लेखनिक आवश्यक आहे असे शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. माझे मत असे की लेखनिक सरसकट मागू नये. अनोळखी माणसाला उत्तर तोंडी सांगणे हे पुष्कळांना लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड जाते. बहुतेकांना जादा वेळ, वेगळी शांत खोली आणि एकच पर्यवेक्षक एवढे मिळाले की पुरते.

अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच करावा. हॉल तिकीट आल्यावर केलेल्या अर्जाला परीक्षा विभाग मनात असूनही फारसे काही करू शकत नाही. अर्ज प्राचार्यांच्या नावे, प्रत परीक्षा विभागास आणि समान संधी कक्षास, सोबत प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, आणि मागण्या क्रमांक घालून एकेका ओळीत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी मिळालेले ‘काळजी करू नका, होऊन जाईल’ हे परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर, दुसऱ्या वरिष्ठ पर्यवेक्षकासमोर, काहीही सिद्ध करत नाही. दर सत्रापूर्वी विद्यापीठाचे चालू परिपत्रक पाहून अर्जात त्याचा क्रमांक घालावा.

पेपरच्या आठवडाभर आधी केंद्रावर जाऊन खोली, बाक, पंख्याचा आवाज आणि स्वच्छतागृह पाहून यावे. पर्यवेक्षकाला आधी सांगून ठेवावे की भरारी पथक आले तर विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवून उठवू नये, समोर येऊन सांगावे. प्रश्नपत्रिकेतील ‘थोडक्यात’ आणि ‘सविस्तर’ यांना गुणांप्रमाणे ओळींचा आकडा ठरवून सराव करावा : ४ गुणांना अर्धे पान, ८ गुणांना दीड पान. नाही तर पहिल्या आवडत्या प्रश्नाला नऊ पाने आणि शेवटचे तीन प्रश्न कोरे, अशी उत्तरपत्रिका हाती येते. अशा उत्तरपत्रिका मी तपासल्या आहेत. नऊ पाने वाचताना कौतुक वाटते आणि बेरीज करताना हळहळ.

वसतिगृह, गणपती आणि मित्रांची भाषा

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे उभारली आणि कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव झाले. खेड्यातील मुलाला शिकता यावे म्हणून त्याच्या राहण्याची सोय आधी करायची, हा तेव्हाचा विचार होता. स्वमग्न विद्यार्थ्याच्या बाबतीत तो विचार खोलीच्या दारापर्यंत न्यावा लागतो. एकट्याची खोली मिळत असेल तर ती द्यावी. नसेल तर जोडीदार एकच, शांत, आणि दरवर्षी न बदलणारा. दिवे कधी बंद होतील, कोणाचे मित्र किती वाजेपर्यंत थांबतील, न विचारता काय वापरायचे नाही, हे दोघांनी लिहून रेक्टरकडे ठेवावे. मेसमध्ये गर्दीच्या आधी पंधरा मिनिटे जेवता यावे, आणि भाजीची चव किंवा घट्टपणा सहन न होणाऱ्याला रोज तोच डाळभात खाऊ द्यावा. त्याला नखरे म्हणू नयेत.

गणेशोत्सवात, नवरात्रात आणि मिरवणुकांच्या दिवसांत शहर कोणाचेच ऐकत नाही. साउंड सिस्टिमच्या भिंतींचा दणका काहींना शब्दशः दुखतो. या तारखा आधी माहीत असतात, तेव्हा त्या आठवड्यात घरी जाणे, कानावर बसणारे आवाजरोधक हेडफोन, किंवा मिरवणुकीच्या मार्गापासून दूर असलेल्या नातेवाइकांकडे मुक्काम, असे काहीतरी जूनमध्येच ठरवावे. अंतर्गत चाचणी नेमकी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लावू नये, एवढी विनंती विभागाकडे करता येते.

कोल्हापुरी बोलण्याची एक वेगळीच अडचण आहे. येथे मैत्री जितकी घट्ट तितकी भाषा रांगडी. शिवी ही बरेचदा मायेची असते आणि अति नम्र बोलणे हा टोमणा असू शकतो. स्वमग्न मुलाला मायेची शिवी आणि अपमानाची शिवी यांतील फरक चटकन कळत नाही, त्यामुळे तो एक तर मित्रांवर रागावतो किंवा खरोखर छळणाऱ्यांनाच मित्र समजतो. दुसरे अधिक धोक्याचे. ‘सरांना जाऊन हे म्हण’, ‘त्या मुलीला हे लिही’ असे सांगून त्याचा तमाशा केला जातो आणि शिक्षा त्याला होते. वर्गातील एक-दोन समंजस मुलांशी त्याची संमती घेऊन बोलून ठेवावे, आणि एखाद्या वाक्याचा अर्थ न कळल्यास त्याने कोणाला विचारायचे हे ठरवून द्यावे. छळ असेल तर तो रॅगिंगच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम त्याला लागू होतात आणि १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करता येते.

कोलमडण्याचा क्षण

आवाज, गर्दी, अचानक बदल आणि कित्येक तासांचा ताण एकत्र साचला की काही विद्यार्थी रडतात, ओरडतात, डोक्यावर हात मारतात. काही जण एकदम थिजतात आणि बोलणे बंद होते. हा हट्ट नाही आणि नाटकही नाही, त्या क्षणी त्यांच्या हातात काही नसते. अशा वेळी बघ्यांना बाहेर काढावे, पंखा-दिवे-मोबाइल यांचे आवाज आणि उजेड कमी करावेत, एकाच माणसाने थांबावे आणि कमीत कमी बोलावे. ‘मी येथे आहे, घाई नाही’ एवढे वाक्य पुरे. हात लावू नये, पाणी पिण्याचा आग्रह करू नये, ‘काय झाले’ असे विचारू नये. पंधरा मिनिटे लागतील किंवा तासभर लागेल. कारणांची चौकशी त्या दिवशी करू नये. दोन दिवसांनी, लिहून, करावी. शिस्तभंगाची नोटीस काढण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी तेवढे दोन दिवस तरी थांबावे.

स्वमग्न व्यक्तींमध्ये अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याचे, प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते, म्हणून झटका आणि कोलमडणे यांत गल्लत होऊ नये. शुद्ध हरपून अंग झटके देत असेल तर कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि पाच मिनिटांत थांबले नाही तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. जगणे नकोसे झाल्याचे तो सपाट आवाजात, भावना न दाखवता सांगेल. आवाज सपाट आहे म्हणून ते हलक्यात घेऊ नये. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तो मार्गदर्शकाच्या फोनमध्ये आणि त्या एका पानावरही असावा.

कामाचा अनुभव आणि पुढे

नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाचा अनुभव श्रेयांकांसह आला आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, पाठवण्यापूर्वी तेथील आवाज आणि उष्णता विद्यार्थ्याने एकदा प्रत्यक्ष अनुभवावी. त्याच कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी किंवा नोंदी विभागात तो उत्तम काम करू शकेल. कामाच्या ठिकाणी एकच वरिष्ठ, लिखित कामे, ठरलेली सुट्टीची वेळ. मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाला तो जन्मतारखेपासून सुरुवात करेल, म्हणून त्याचे दोन मिनिटांचे उत्तर आधीच लिहून पाठ करून घ्यावे. शासकीय नोकऱ्यांत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३४ नुसार दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा आहेत. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या गटांना मिळून आहे, आणि याची माहिती दुसऱ्या वर्षीच द्यावी.

प्रत्येक सत्राच्या शेवटी ते एक पान पुन्हा समोर घ्यावे आणि विद्यार्थ्याला पेन द्यावे. ज्याची गरज उरली नाही ते तो खोडेल, जे नव्याने कळले ते लिहील. मार्गदर्शक प्राध्यापकांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले तर नव्या मार्गदर्शकांशी ओळख जुन्यांनी स्वतः, विद्यार्थ्यासमोर करून द्यावी. नुसती फाइल पाठवू नये. पदव्युत्तर विभागाकडे हे पान पुढे पाठवायचे का, हे त्यालाच विचारावे, आणि तो नको म्हणाला तर मूळ पान त्याच्या हाती देऊन विभागातील प्रत फाडून टाकावी.